वेंडेलची पिकअप माझ्या दारात

वेंडेल रुस्टाडची हिरवी पिकअप कुणाच्या दारासमोर उभी दिसली, की टॉर्विकमधल्या बायका आधी ओव्हन तापवायला लावतात आणि मग एकमेकींना फोन करून विचारतात, "कोण गं?"

कारण वेंडेल मृत्युलेख लिहितो. आमच्या साप्ताहिकाच्या शेवटून दुसऱ्या पानावर ते छापून येतात आणि लोक पेपर तिथूनच उघडतात. इतर गावांत माणूस गेल्यावर लिहितात. वेंडेलला ते पटत नाही. "गेल्यावर विचारू कुणाला?" असं त्याचं म्हणणं. म्हणून डॉक्टरांनी हात टेकले, की घरची माणसं वेंडेलला निरोप धाडतात. तो येतो, रूबार्बच्या आंबट देठांच्या मुरांब्याची बरणी टेबलावर ठेवतो, पलंगाशी खुर्ची ओढतो आणि विचारतो, "तुमची सगळ्यांत जुनी आठवण कोणती?"

त्याची गाडी वळणावरून दिसेनाशी होते न होते, तोच पहिली हॉटडिश दारात येते. खिमा, नूडल्स, डब्यातलं मशरूमचं सूप, सगळं एका भांड्यात कालवून भाजलेलं. भांड्याच्या बुडाला चिकटपट्टीवर मालकिणीचं नाव, कारण दुःख कितीही मोठं असलं तरी भांडं परत यायला हवं.

तर त्या ऑक्टोबरात वेंडेलची पिकअप माझ्या दारात उभी राहिली.

पण आधी वेंडेलबद्दल सांगते, म्हणजे गाव त्याच्याकडे तिरप्या नजरेनं का बघतं ते कळेल. तो इथलाच. बापाला वाटायचं पोरगा शेती करेल. पोरगा ट्रॅक्टरवर पुस्तक वाचत बसला आणि नांगर शेजाऱ्याच्या सूर्यफुलांत घालून मोकळा झाला. तेव्हाच लोक म्हणाले, हा लेखक होणार. कौतुकानं नव्हे.

पहिली नोकरी मटार डबाबंद करण्याच्या कारखान्यात. डब्यावरचा मजकूर त्याचा: "पहाटेच्या दवात हातांनी खुडलेले." मटार यंत्रानं, भर दुपारी, शिव्या देत काढले जायचे. ते काढणारे हात आमच्याच गावचे होते, त्यामुळे वेंडेलच्या लिखाणावरचा विश्वास तिथंच संपला. मग एका बियाणेवाल्याचा कॅटलॉग. त्यात त्यानं एका टोमॅटोबद्दल लिहिलं होतं, "उशिरा येतो, पण मनाचा मोठा." ते वाचून अर्ध्या गावानं तो टोमॅटो लावला. तो आलाच नाही. मग काउंटीच्या रेडिओवर हवामान सांगायची नोकरी. हवामानात काही घडत नसलं, की वेंडेल घडवायचा. एकदा त्यानं गारांचं असं वर्णन केलं की माणसांनी गुरं आत घेतली, गाड्यांवर गोधड्या टाकल्या आणि स्वच्छ उन्हात दिवसभर आकाशाकडे बघत बसले. त्यानंतर शाळेची बस. मुलांना तो गोष्ट सांगायचा आणि रंगात आली की नेमका थांबा यायचा. मुलं उतरेनात. आया चपला घालून बसपर्यंत पळायच्या. तीही नोकरी गेली. शेरीफच्या निवडणुकीत त्यानं दोन्ही उमेदवारांची भाषणं लिहिली. दोघंही एकाच व्यासपीठावर आपापल्या आईबद्दल बोलताना रडले. "दोघांच्याही आया चांगल्याच होत्या," वेंडेल म्हणाला. "मी काय करू?"

इथपर्यंत गाव हसत होतं. मग त्यानं कादंबरी लिहिली.

ती मिनिआपोलिसच्या एका छापखान्यानं खरोखर छापली. तिच्यात एका लहान गावातला एक शांत माणूस बायकोला रूबार्बची पानं खाऊ घालून मारतो. रूबार्बचे देठ खायचे, पानं विषारी, हे आमच्याकडे पाळण्यातल्या पोरालाही ठाऊक असतं. आणि कादंबरी आल्यावर तीन वर्षांनी वेंडेलची बायको कोरा नाश्त्याच्या टेबलावर मान टाकून गेली. डॉक्टर म्हणाले, मेंदूतली रक्तवाहिनी फुटली. गाव म्हणालं, "हो का? पण नाश्त्याला होतं काय?"

कोराचा मृत्युलेख त्यानं स्वतः लिहिला. "ती पत्त्यांत लबाडी करायची आणि मला कळत नाही असं तिला शेवटपर्यंत वाटत होतं," अशी त्यात ओळ होती. वाचून सगळं गाव रडलं. डोळे पुसून झाल्यावर गावानं ठरवलं, की हा माणूस एक तर निष्पाप आहे, नाही तर भलताच हुशार. काय ते अजून ठरायचंय. पण लेख असा लिहिणारा दुसरा कोणी नाही म्हणून मरताना बोलावतात त्यालाच. त्याचा मुरांबा मात्र कुणी खात नाही. माझी शेजारीण आर्डिस क्वामीच्या तळघरात त्या बरण्यांची रांग आहे. टाकूनही देत नाही. म्हणते, "उद्या पुरावा म्हणून मागितली तर?"

माझ्या नवऱ्याचा, रोलंडचाही लेख वेंडेलनंच लिहिलाय, नऊ वर्षांपूर्वी. "स्वयंपाकघरातलं एकही कपाट त्यानं उघडल्यावर पुन्हा लावलं नाही." त्या ओळीसाठी मी वेंडेलला कधी धन्यवाद दिले नाहीत. पण तो पेपर घडी घालून शिवणयंत्राच्या खणात ठेवलाय.

मी लोकांचे कपडे घट्ट-सैल करून देते. पुढच्या खोलीत माझं दुकान. मला हे कुणी शिकवलं नाही. रोलंडचे जुने कोट उसवून आत काय आहे ते बघत बघत शिकले. गावात कुणाची कंबर वाढली, कुणाची उतरली, हे मला त्यांच्या बायकांआधी कळतं आणि मी ते पोटात ठेवते. माझ्या स्वतःबद्दलचंही ठेवते. त्या ऑक्टोबरात काउंटीच्या दवाखान्यात डॉक्टरांना माझ्या डाव्या छातीत गाठ लागली होती. सुई घालून त्यांनी तुकडा काढला, म्हणाले, "तपासायला पाठवतो, फोन करू." मी कुणाला सांगितलं नाही. मुलगा अलास्कात, त्याला सांगून काय, आणि आर्डिसला सांगणं म्हणजे चर्चच्या घंटेला दोर बांधणं.

मात्र दवाखान्यात खिडकीशी बसून नावं लिहून घेते ती जेनिन वेंडेलची सख्खी भाची. त्या दिवशी माझं लक्ष त्याकडे गेलं नाही. पुढच्या मंगळवारी गेलं.

मंगळवारी वेंडेल तपकिरी पँट घेऊन आला. "कमरेत जरा घ्यायची," म्हणाला. स्टुलावर उभा राहिला, मी टाचण्या लावू लागले. पँट छान बसली होती. तसं मी म्हणालेही.

"नाही, नाही, घ्याच," तो म्हणाला. आणि मग खिडकीबाहेर बघत, अगदी सहज, "मॅव्हिस, तुमची सगळ्यांत जुनी आठवण कोणती?"

टाचणी माझ्या बोटात गेली.

"कशाला हवी?" मी विचारलं.

"सहज."

त्या प्रश्नाचा अर्थ टॉर्विकमध्ये एकच होतो. मी बोट तोंडात घातलं आणि वेळ काढायला म्हटलं, "आमच्या खळ्यावरचा कुत्रा. तो मला चाटत होता आणि मी मीठ लावलेला बटाटा खात होते." वेंडेलनं मान डोलावली, जणू चर्चमध्ये काही ऐकलं. मी त्याच्या हातांकडे पाहिलं. कागद नाही, पेन्सिल नाही. म्हणजे लक्षात ठेवतोय. म्हणजे मला घाबरवायचं नाहीये. म्हणजे इतकं वाईट आहे.

तो गेला आणि टेबलावर बरणी दिसली.

संध्याकाळी दार वाजलं. आर्डिस. हातात हॉटडिश.

"अगं, जास्तीची झाली."

"आर्डिस, तुझ्या घरी आयुष्यात काही जास्तीचं झालेलं नाही. तू अंडीसुद्धा माणसं मोजून उकडतेस."

"आता जास्तीची झाली तर झाली. तू बारीक दिसतेस."

"मी माझ्या कमरेचं माप दर सोमवारी घेते. काही बारीक झालेली नाही."

"बरं," आर्डिस म्हणाली, आणि माझ्या खांद्यावर हात ठेवून गेली. आम्ही शेजारी राहायला लागल्यापासून तिनं माझ्या खांद्यावर हात ठेवलेला नव्हता. आमच्यात ती पद्धत नाही.

पुढच्या आठवड्यात वेंडेल तीच पँट घेऊन आला. "जरा सैल करता येईल?"

"आठ दिवसांपूर्वी घट्ट करून घेतलीत!"

"बसताना त्रास होतो."

पुन्हा स्टूल, पुन्हा टाचण्या. ह्या खेपेस प्रश्न होता, मला सगळ्यांत जास्त राग कशाचा येतो. मी म्हटलं, "लोक काही तरी जाणतात आणि सांगत नाहीत, त्याचा." त्याच्याकडे बघूनच म्हटलं. तो कानापर्यंत लाल झाला. झालं, माझी खात्री पटली. त्यानंतरही तो दोनदा आला, आणि काम करताना मी काय गुणगुणते तेही विचारून गेला.

तेव्हापासून मी फोन उचलणं सोडलं. तो वाजला, की मी यंत्राचं पायडल दाबायची आणि रिकाम्या कापडावरून सुई पळवायची, घंटा थांबेपर्यंत. जे सगळ्या गावाला ठाऊक आहे ते डॉक्टरांच्या तोंडून ऐकायची मला घाई नव्हती.

आणि गावाला ठाऊक होतंच. बँकेतली मुलगी माझ्याशी हळू आवाजात बोलायला लागली. मांसवाल्यानं स्वतः पिशवी गाडीत ठेवून दिली. फ्रीजरचं झाकण लागेना, इतक्या हॉटडिश झाल्या. त्यातल्या तिघींनी तर भांड्याच्या बुडाला नावही लावलं नव्हतं. भांडं परत नको म्हणजे काय, ते तुम्ही टॉर्विकमध्ये राहिल्याशिवाय कळायचं नाही. मी रात्रीचं जेवण म्हणून त्यातलंच गरम करायची आणि खाताना वाटायचं, आपल्याच मयतीचं जेवतोय.

मग पास्टर लुंडे आले. कोट उसवला नव्हता, बटण तुटलं नव्हतं. टोपी हातात फिरवत म्हणाले, "मॅव्हिस, तुम्हाला कोणतं भजन जास्त आवडतं?"

"पास्टर, तुम्हीसुद्धा?"

"मी सहज विचारलं."

"गावात सध्या सगळंच सहज चाललंय," मी म्हटलं. "जे लवकर संपतं ते आवडतं. हे लिहून घ्या."

पण माझा धीर सुटला तो लेफ्सेच्या तव्यापाशी. दर वर्षी चर्चच्या शरद ऋतूतल्या जेवणाला आम्ही लेफ्से करतो, बटाट्याच्या पातळ पोळ्या, शेकड्यांनी. तव्यावर आर्डिस. माझं लग्न होऊन मी ह्या गावात आले तेव्हापासून आर्डिसच. तिथं तिनं स्वतःच्या सुनेला उभं केलेलं नाही. आम्ही बाकीच्या बटाटे सोलणार, कुस्करणार, लाटणार, आणि आर्डिस लांब काठीनं पोळी उलटवणार आणि आमच्या लाटण्याला नावं ठेवणार.

त्या शनिवारी मी एप्रन बांधून लाटायला उभी राहिले, तर आर्डिसनं काठी माझ्यापुढे धरली.

"घे. ह्या वर्षी तू कर."

सगळ्या जणी खाली बघून लाटायला लागल्या. मी काठी घेतली. पहिली पोळी तव्यावर टाकली, ती दुमडली, जळली, आणि आर्डिस म्हणाली, "छान झालीय."

"आर्डिस," मी म्हटलं, "मी मरतेय का?"

लाटणी थांबली. नळ तेवढा चालू होता.

"आता मला काय ठाऊक?" आर्डिस म्हणाली. "तू सांगशील तेव्हा कळेल. आम्ही काही विचारलं नाही. आम्ही भोचक नाही."

"मग तवा का दिलास?"

"वेंडेलची गाडी तीनदा तुझ्या दारात दिसली."

"चारदा," मोरीकडून कुणी तरी म्हणालं.

"म्हणजे तुम्हाला दवाखान्याचं काही ठाऊक नव्हतं?"

"कुठला दवाखाना?" आर्डिसनं विचारलं, आणि बारा बायकांनी माना वर केल्या.

अशा रीतीनं ते मीच सांगितलं. एप्रन काढला, पोळी जळत ठेवली आणि सरळ वेंडेलच्या घरी गेले. गावाला गाडीवरून कळलं. गाडी वेंडेलची. म्हणजे मुळात कळलं वेंडेललाच. आता जे काही आहे ते त्याच्याच तोंडून काढायचं, एवढंच डोक्यात होतं.

त्याच्या घरात मी पहिल्यांदाच गेले. गावातलं बहुतेक कुणीच गेलेलं नाही. स्वयंपाकघर नीटनेटकं होतं, टेबलावर पुस्तकं, खुर्चीवर तीच तपकिरी पँट, आणि वेंडेल इस्त्री करत होता. टायला. मला बघून त्यानं इस्त्री उभी केली, कॉफी ओतली. मी कपातली कॉफी हुंगून पाहिली. त्यानं ते पाहिलं.

"वेंडेल, आडवळणं नकोत. जेनिननं तुम्हाला काय सांगितलं?"

"जेनिननं? तिचा नवरा पुन्हा गाडी घेऊन हरणावर आदळला, असं म्हणाली. ह्या वर्षातलं दुसरं."

"माझ्याबद्दल!"

"तुमच्याबद्दल जेनिन काय सांगणार?"

"मग माझा लेख लिहायला का घेतलात?"

"कसला लेख?"

"मृत्युलेख!"

वेंडेल खाली बसला. पँटवरच बसला.

"तुम्हाला असं वाटलं?"

"मला? सगळ्या गावाला वाटलं! माझा फ्रीजर लागत नाही! आर्डिसनं मला तवा दिला, वेंडेल!"

"तवा दिला?" तो पांढरा पडला. त्यालाही त्याचा अर्थ कळत होता.

"जुनी आठवण कोणती, राग कशाचा येतो, गुणगुणता काय. हे तुम्ही मरणाऱ्या माणसांना विचारता."

"पण मी पेन्सिल आणली नव्हती," तो पुटपुटला. "मुद्दाम. म्हटलं, त्यावरून कळेल."

"पेन्सिल नाही म्हणून कुणाला काय कळतं?"

"की कामासाठी आलो नाही."

"मग कशासाठी आलात?"

तो टायकडे बघू लागला. सहासष्ट वर्षांचा माणूस, ज्यानं मटारांवर, टोमॅटोंवर, गारांवर आणि दोन शेरीफांच्या आयांवर लिहिलं, त्याला ह्या घडीला एक वाक्य जमेना.

"बाईमाणसाशी काय बोलतात ते मला येत नाही," शेवटी तो म्हणाला. "कोरा असताना ती बोलायची. आता मला एवढेच प्रश्न येतात. आणि लोकांना ते आवडतात, मॅव्हिस. आयुष्यात त्यांना कुणी तसं विचारलेलं नसतं. त्यांना बरं वाटतं."

"त्यांना बरं वाटतं, कारण ते मरत असतात! त्यांना घाई नसते!"

"तेही आहे."

"आणि पँट?"

"पँट नीटच होती."

मला हसू फुटलं. बावीस दिवस मी हसले नव्हते, ते सगळं एकदम आलं. मी मरतेय असं मला वाटत होतं, कारण ह्या बावळटाला मी आवडत होते. तोही हसायला लागला, जरा भीत भीत, आणि मग थांबला.

"पण जेनिन कशी आली ह्यात?"

मी सांगितलं. गाठ, सुई, तुकडा. एका दमात सांगितलं, जशी गिऱ्हाइकाला मापं सांगते. वेंडेल उठला आणि गॅस बंद करायला गेला. गॅस बंदच होता. तरी त्यानं बटणं एकेक करून फिरवून पाहिली, माझ्याकडे पाठ करून.

"फोन आला?"

"वाजतो. मी घेत नाही."

त्यानं भिंतीवरचा फोन काढून टेबलावर ठेवला, वायर पुरेना तेव्हा टेबलच थोडं ओढलं. "मी बाहेर जाऊ?"

"बसा."

शनिवार असूनही जेनिननं उचलला. माझं नाव ऐकून म्हणाली, "मावशी, कुठे होता तुम्ही? डॉक्टर चार दिवस फोन करताहेत!" मग डॉक्टर आले. गाठ वाईट आहे, म्हणाले. पण लहान आहे आणि लवकर सापडली. फार्गोच्या मोठ्या दवाखान्यात जाऊन काढायची, पुढे काय ते काढल्यावर कळेल. मी विचारलं, "वाचेन ना?" ते म्हणाले, त्यांना तसं वाटतं, पण ते वचन देत नाहीत. मला बरं वाटलं. वचन दिलं असतं तर माझा विश्वास बसला नसता.

फोन ठेवला. वेंडेलनं काहीही विचारलं नाही. पहिल्यांदाच.

"फार्गोला मी नेतो," तो म्हणाला.

आणि तेव्हा मला नवाच संशय आला. आधीचे सगळे त्याच्यापुढे काहीच नव्हते. आजवर तो एका धडधाकट बाईकडे येत होता. आता ती खरंच आजारी निघाली. ह्या माणसानं वीस वर्षं पलंगांशी खुर्च्या ओढल्यात. त्याला कसं बसायचं, काय ऐकायचं, शेवटची ओळ कोणती ठेवायची, सगळं येतं. उद्या मी त्या पलंगावर असेन आणि हा शेजारी बसेल. कोण बसलेलं असेल? मला आवडणारा माणूस, की साप्ताहिकाचा?

तसं मी विचारलं. अगदी त्याच शब्दांत नव्हे, पण विचारलं.

वेंडेलनं कपातली उरलेली कॉफी मोरीत ओतली. मग म्हणाला, "कोराचा लेख मी लिहायला नको होता."

"सगळं गाव रडलं होतं."

"तेच. छान झाला होता. लोक भेटले की त्यातल्या ओळी मलाच म्हणून दाखवायचे. पत्त्यांतली लबाडी, अमुक, तमुक. हळूहळू माझ्याकडे तिचं तेवढंच राहिलं, जेवढं छापलं होतं. तिच्यासोबत सदतीस वर्षं राहिलो, मॅव्हिस. आता तिची आठवण काढतो तर पेपरातली कोरा येते. बाकीची कुठे गेली ते मला कळत नाही."

माझ्या यंत्राच्या खणातला रोलंड मला आठवला, कपाटं उघडी टाकणारा. आणि मी मनाशी बाकीचा रोलंड शोधायला लागले, पटकन, घर पेटल्यावर शोधतात तसा. त्याचा हुंकार सापडला. मोजे वास घेऊन मगच घालायचा, ते सापडलं. होता अजून.

"तुमचा लेख मी लिहिणार नाही," वेंडेल म्हणाला. "वेळ आलीच तर दुसरं कुणी शोधा. मला सांगू नका, मी वाचणारही नाही."

ह्याहून मोठं काही तो मला देऊ शकला असता असं मला वाटत नाही. टॉर्विकमध्ये वेंडेलच्या हातचा लेख नाकारणं म्हणजे काय, ते त्यालाही ठाऊक होतं. तरीही मी सावधपणे म्हटलं, "लिहून द्या."

"ते नाही जमणार," तो म्हणाला. "ऐकून घ्या नुसतं."

ऑपरेशनच्या आधीच्या शनिवारी वेंडेल सकाळीच आला. पिकअप दारासमोर, उन्हात, ऐन रस्त्यावर. मी मुद्दाम सांगितलं होतं, तिथंच लावा. हिवाळ्याची दुहेरी तावदानं बसवायची होती. रोलंड गेल्यापासून मी ती कुणाकुणाच्या हातापाया पडून बसवून घेत होते, आणि फार्गोहून परत येईन तेव्हा माझा हात वर जाणार नव्हता.

वेंडेलला ते काम अजिबात येत नाही. पहिलं तावदान त्यानं उलटं धरलं. दुसरं ज्या खिडकीचं नव्हतं तिला बसवायला बघत होता. मी शिडी धरून खालून सांगत होते आणि आर्डिस पदपथावर येऊन उभी राहिली, हातात काही नाही.

"वेंडेल, घरच्या कामाला आलायस की तुझ्या नेहमीच्या कामाला?" तिनं विचारलं.

"खिडक्यांच्या," तो वरून म्हणाला.

आर्डिसनं माझ्याकडे पाहिलं, त्याच्याकडे पाहिलं, शिडीकडे पाहिलं. "पडला तर त्याचा कोण लिहिणार?" म्हणाली, आणि उत्तर न ऐकता घरी गेली. तिचा संशय गेलेला नाही. नुसता दुसऱ्या जागी बसलाय.

माझाही गेलेला नाही. वेंडेल तावदान हातात धरून वर थांबला होता, स्क्रू लावायचा सोडून, माझ्या डोक्यावरून कुठे तरी शेतांकडे बघत. ती नजर मी ओळखते. गावातला कुणीही ओळखेल.

"वेंडेल, मनात लिहिताय ना?"

"नाही."

"खोटं."

तो खाली बघेना. "एकच ओळ आली," म्हणाला.

"खोडा."

वाऱ्यानं तावदान थरथरलं. त्यानं ते दोन्ही हातांनी चौकटीत दाबून धरलं.

"खोडली," तो म्हणाला. "स्क्रू द्या."